खालचा दोन

रात्रशाळेत नववी 'ब' म्हणजे अकरा माणसं.
बाकं पाचवीच्या पोरांची.
मल्लेशम बोद्दुल गुडघे बाहेर काढून बसतो,
हात कोपरापर्यंत निळे.
मंगळवारचा रंग. बुधवारी लाल असतात.

एप्रिल. भिंतीला पाठ टेकवत नाही.
पंखा इकडची गरम हवा तिकडे करतो.
फळ्यावर मी लिहिते:
सोडियम, एक अधिक. सल्फेट, दोन वजा.
आता सूत्र लिहा.
(मल्लेशम 'सूत' म्हणतो, र गिळून.)

खडू तो बिडीसारखा धरतो.
NaSO4
आणि हात झटकतो, झालं म्हणून.
"एक दोन राहिला."
"कुठं ओ बाई? गोणीवर असंच असतंय की.
बारा वर्षं उचलालोय. पन्नास किलोची."

रंगाच्या हौदात हेच ओततात,
रंगानं पाणी सोडून सूत धरावं म्हणून.
त्याला याची चव माहीत आहे,
ओल्या हाताला कसं चावतं ते माहीत आहे,
किती फावडी पडली की पाण्याचा आवाज बदलतो, तेसुद्धा.
मला फक्त संयुजा.

मी पुस्तकातलं सांगते:
याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा याच्या. तिरपा.
आणि मग गाव ओळखून, जरा लाडात येऊन:
"तुमच्या मागावर ताणा-बाणा असतो ना, तसं."
तो हसतो.
"काय सांगलालाव बाई. धागा तिरपा गेला
तर माल परत येतंय."
वर्ग हसतो. मीही.
उपमा पुसून टाकते.

"बरं. सल्फेटला दोन पाहिजेत.
सोडियमच्या पदरात द्यायला एकच.
मग?"
निळ्या बोटांवर तो मोजतो. मोजायला दोनच,
तरी मोजतो.
"दोघं यायला पाहिजे."
दोन नाही म्हणाला. दोघं.
आणि Na च्या पायाशी लहानसा लिहिला,
मराठीतला: २.
तो मी तसाच राहू दिला.

पुढचं: कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना.
चुना म्हणताच चौघांचे हात खिशाकडे गेले.
इथं गाडी कंसापाशी अडली.
कंस कशाला? OH2 लिहिलं तर काय बिघडलं?
कुणीतरी मागून, "कंस मामा आला."
तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझं मलाच पटेना.

तेव्हा पुष्पलता येमूल,
जी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते,
बसल्या जागेवरून म्हणाली,
"पंचवीस बिड्या झाल्या की वर दोरा.
दोरा बांधल्यावर आतली बिडी मोजत नाहीत,
कट्टे मोजतात.
कंस म्हणजे दोरा. दोन म्हणजे दोन कट्टे."
आणि पुन्हा खाली बघायला लागली,
तंबाखूनं पिवळ्या नखांकडे.

सोळा वर्षं शिकवतेय.
ते वाक्य टाचणवहीत उतरवून घेतलं,
तिच्या नावासकट.

मे महिन्यात शाळा बंद.
अक्कलकोट रोडकडं काही कामानं गेले होते,
दुपारी, डोक्यावर पदर, सावली शोधत.
रंगाच्या कारखान्यामागं टॉवेल वाळत होते,
आणि उन्हाला आडोसा म्हणून
रिकाम्या गोण्या उसवून, एकीला एक शिवून
पडदा टांगलेला.
प्रत्येकीवर छापलेलं: NaSO4.
दोन छापणाऱ्यानंच खाल्लेला.

आणि प्रत्येकीवर, Na च्या पायाशी,
काडीनं काढलेला, जरा वाकडा,
२
२
२
नऊ गोण्या. काही निळे, काही लाल.
एके ठिकाणी आकडा फार मोठा झालेला,
परीक्षेत अर्धा गुण कापला असता.

शेवटच्या गोणीवर सहज बोट लावलं.
ओला होता. बोट निळं झालं.
आज मंगळवार.